लार्क-आन-सिएलचं १९९८: बहर की अतिरेक?

खर्ज: लार्कुचं, म्हणजे लार्क-आन-सिएल या जपानी रॉक बँडचं, १९९८ सोन्याचं वर्ष, असं जो तो म्हणतो. मला ते हावरटपणाचं वर्ष वाटतं. फेब्रुवारीत 'हार्ट' अल्बम आणि वर्षभरात सात सिंगल्स. त्यातली 'हनी', 'कासो', 'शिन्शोकू' ही तीन एकाच दिवशी, ८ जुलैला! आठ सेंटिमीटरची सिंगल सीडी तेव्हा साधारण हजार येनला पडायची. तिन्ही घेतल्या की अल्बमचे पैसे गेले, आणि हाती नवी गाणी मोजकीच.

तिहाई: आधीचं वर्ष सोडून कसं चालेल? फेब्रुवारी १९९७ मध्ये ड्रमर साकुराला अमली पदार्थ प्रकरणात अटक झाली आणि बँडच्या सीडी दुकानांतून उचलल्या गेल्या. 'द फोर्थ ॲव्हेन्यू कॅफे' 'रुरोनी केन्शिन' या ॲनिमे मालिकेच्या शेवटी काही भागांपुरतं वाजलं आणि गायब झालं. सिंगल म्हणून ते थेट २००६ मध्ये आलं. साकुराच्या जागी आलेला ड्रमर युकिहिरो १ जानेवारी १९९८ ला अधिकृत सदस्य झाला. वर्षभर तुंबलेलं पाणी होतं ते.

खर्ज: तुंबलेलं होतं तर एक भरगच्च अल्बम काढायचा. सुटं सुटं का विकायचं?

रिकामा डबा: कारण जपानमध्ये सीडीची किंमत कंपनी ठरवते आणि नव्या सीडीवर दुकानदाराला मनाने सूट देता येत नाही. स्वस्तात जास्त खपवायचा रस्ताच बंद, मग नग वाढवायचे. शिवाय 'शिन्शोकू' हॉलिवूडच्या 'गॉडझिला'शी जोडलेलं होतं आणि तो सिनेमा जपानमध्ये जुलैतच लागला. तारीख उगाच नाही निवडली.

तिहाई: आणि तिन्ही सिंगल्स एकमेकांचा खप खातील ही भीतीही खोटी ठरली. 'हनी' आणि 'कासो' दोन्ही दहा लाखांपार गेली, 'शिन्शोकू' थोडक्यात राहिलं. चालही बघा: 'हनी' गायक हाइदचं सरळसोट गिटार-रॉक, 'कासो' गिटारिस्ट केनचं काळोखी, संथ विणकाम. एका सीडीवर ही दोन शेजारी ठेवली असती तर दोन्हींचा रंग उतरला असता.

खर्ज: एका सीडीवर ठेवलीच की! १ जुलै १९९९ ला 'आर्क' आणि 'रे' हे अल्बम एकाच दिवशी आले, प्रत्येकी ११ ट्रॅक. 'रे'वर ही तिन्ही आहेत, वर 'स्नो ड्रॉप'. 'आर्क'वर 'डाइव्ह टु ब्लू', 'फॉरबिडन लव्हर', 'हेवन्स ड्राइव्ह', 'पीसेस'. बावीसपैकी आठ गाणी आधीच विकलेली. उरलेल्यांत 'लार्वा' आणि 'लर' हे युकिहिरोचे वाद्यतुकडे. प्रत्येकाचा खप वीस लाखांवर झाला, मान्य. पण त्यातून एकच अल्बम काढला असता तर तो त्यांचा सर्वोत्तम ठरला असता.

रिकामा डबा: आणि त्या छाटणीत 'रे'वरचं 'ट्रिक' गेलं असतं. 'ड्रायव्हर्स हाय'सुद्धा, ते तर अल्बमनंतर ऑगस्टमध्ये सिंगल झालं. 'जीटीओ' या ॲनिमेचं ते शीर्षकगीत, त्यामुळे आपल्याकडचे निम्मे लोक या बँडपर्यंत त्याच गाण्याने पोचले.

खर्ज: 'ड्रायव्हर्स हाय' ठेवतो. 'ट्रिक'बद्दल वाद घालायला तयार आहे.