तुमच्याकडे कुठल्या भाषेला काय म्हणतात? (अनुभव धागा)

भाषेची कागदोपत्री नावं वेगळी आणि लोकांनी ठेवलेली वेगळी. मिंग्लिश, टपोरी, पुस्तकी, गावठी, सरकारी... यातलं एखादं तुमच्या बोलण्याला चिकटलंय का? की तुम्हीच कुणाला चिकटवलंत? किस्से लिहा. ऱ्हस्व-दीर्घाची भांडणं कृपया दुसरीकडे.

सुरुवात मी करते. माहेर पुणं, सासर कोल्हापूर. लग्नानंतर मी तोंड उघडलं की जाऊबाई म्हणायच्या, "बोलल्या बघा साजूक तुपातल्या!" राग यायचा, पण मीही काही कमी नव्हते. तिथे बायकाही 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात, त्याला मी माहेरी फोनवर 'रांगडी' म्हणायचे. लेकीने दोन्ही नावं निकालात काढली. आजीला सांगते "जेवलो गं", आणि त्याच दमात माझ्याकडे वळून "आई, जेवले मी."

---

आमच्याकडे 'पोलिसी मराठी'. वडील पोलिस ठाण्यात रायटर होते. पंचनामे लिहून लिहून हात असा बसला की घरच्या चिठ्ठीतही तीच भाषा. फ्रिजवर चिकटवलेला कागद: 'विषय – दूध आणणेबाबत.' खाली, 'सदर पिशवी काल रोजी फुटलेली मिळून आल्याने आज दोन आणाव्यात.' पूर्णविराम एकच, तोही शेवटी. आईने त्याखाली लिहिलं होतं, 'समक्ष वाचले, पैसे ठेवणे.' निवृत्त झाले तरी व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नास उपस्थित राहणेकामी' चालूच आहे. चुलत भावंडं ग्रुपवर त्यांना 'फिर्यादी' म्हणतात.

---

वरच्याला +१. सरकारी मराठीची थट्टा जुनीच आहे. १९६२ साली शासनाचा पदनाम कोश आला, तेव्हा लोकांनी त्याला 'बदनाम कोश' करून टाकलं. मी लिपिक म्हणून लागलो तेव्हाही जुनी मंडळी 'टंकलेखक' शब्दावर हसायची, आणि स्वतः मात्र 'कार्यकारी अभियंता' अगदी सहज म्हणायची. तोही त्याच कारखान्यातला माल! शिवकाळात राजव्यवहारकोश करून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तेव्हाही कचेरीत कुणीतरी गालात हसलं असेलच. (हा आपला माझा अंदाज.)

---

च ची भाषा कुणी विसरलं की काय? शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी आणि सुरुवातीला च. चलाम चतेये अजून! बहिणीबरोबर आईसमोर बिनधास्त बोलायचो. आई शांतपणे भाजी निवडत ऐकायची. एक दिवस म्हणाली, "चहीना चळणारमि पैसे." तिच्या शाळेतही होती म्हणे. मग आम्ही र्फ च्या भाषेवर गेलो, पण ती बोलता बोलता जीभ वळायची.

---

आजोबांच्या कापडदुकानात नंदभाषा चालायची. व्यापाऱ्यांची आकड्यांची चोरभाषा. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दलाल आणि आजोबा भाव ठरवत आणि गिऱ्हाइकाला वाटे, यांच्या पाहुण्यारावळ्यांच्या गप्पा चालल्यात. घरात तिला 'दुकानची भाषा' एवढंच म्हणत, नंदभाषा हे नाव मी फार उशिरा वाचलं. बैलबाजारात तर तोंडही उघडत नाहीत, रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. तिथे उभं राहून बघितलंय. दोघांचे चेहरे अगदी कोरे, रुमाल तेवढा हलतोय, आणि मधेच एकजण हात झटकून चालू लागतो.

---

मी विदर्भातला. पुण्यात होस्टेलला 'काय करून राहिला बे' म्हटलं की पोरं म्हणायची, ही तर हिंदीच आहे. ती पोरं स्वतः 'मी डिसाइड केलं, तू अ‍ॅडजस्ट कर' बोलायची, ते मात्र मॉडर्न! आणि आमच्या सगळ्यांना एकच शिक्का, 'नागपुरी'. अहो, माझा रूममेट गडचिरोलीचा, त्याची झाडीबोली. मी अकोल्याचा, माझी वऱ्हाडी. आम्हा दोघांचंच एकमेकांशी अर्धं अडायचं. 'बे' वर कुणी नाक मुरडलं की मी मुद्दाम दोनदा म्हणतो.

---

मुंबईकर बोलतोय. टपोरी म्हणून हिणवतात, पण 'अपुन'ची भाषा घरी कुणीच बोलत नाही. चाळीच्या जिन्यावरून खाली उतरलं की सुरू, वर चढताना बंद. माझा काका जिन्याच्या मधल्या पायरीवर फोन घ्यायचा, तेव्हा एका वाक्यात दोन्ही ऐकायला मिळायच्या: "ए, अपुन आताय... हो आई, आलोच."

---

नंदभाषावाले, पाचाला काय म्हणतात?

---

मुळू. पुढचे आकडे आत्याला विचारून टाकतो, तिला शंभरापर्यंत येतात.