मदत हवी आहे: तोंडाच्या कॅन्सरनंतर रक्तातल्या मार्करवर किती भरवसा ठेवायचा?

माझ्या मामांचं गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशनही. (तंबाखू-चुन्याची डबी तेव्हापासून सुटली, एवढं बरं झालं.) फॉलोअपला डॉक्टर तोंडात बोट घालून चाचपतात, मानेत गाठी आहेत का बघतात, बस्स. मामींचं त्यावर समाधान होईना. तेवढ्यात जवळच्या लॅबवाल्याने ‘कॅन्सर मार्कर पॅकेज’ गळ्यात मारलं. त्यात एससीसी अँटिजेन (अशा कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन, म्हणजेच मार्कर) जरासं वाढलेलं आलंय आणि घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही.

मी वाचलं त्यानुसार हा मार्कर सोरायसिसमध्ये, किडनी अधू असली तरीही वाढतो. मामांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तातली पातळी) तर आधीपासूनच वर आहे! नाकामागच्या घशाच्या कॅन्सरमध्ये रक्तातला ईबीव्ही या विषाणूचा डीएनए खरंच उपयोगी पडतो, एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या टॉन्सिलच्या कॅन्सरमध्येही तशी तपासणी निघाली आहे. पण तंबाखूमुळे झालेल्या कॅन्सरमध्ये शोधायला असा विषाणूच नसतो.

पुढची तारीख महिनाभराने आहे. तोवर थांबावं, की रिपोर्ट घेऊन आधीच गाठावं? तुमच्याकडे असं झालं तेव्हा डॉक्टरांनी एससीसी पुन्हा करायला सांगितलं, की सरळ स्कॅन? आणि मामींना काय सांगू?