डिशच्याच केबलमधून अँटेनाचे स्थानिक चॅनेल खाली आणता येतील का?

सायंतारा
बाबांना संध्याकाळी सातला आपल्या भागाच्या बातम्या लागतात. डिशवर दोनशेच्या वर चॅनेल आहेत, पण नेमकं तेच नाही. म्हणून गच्चीवर यूएचएफ अँटेना (टॉवरवरून येणारे चॅनेल पकडणारा) लावला आणि तात्पुरती केबल जिन्यातून खाली आणून थेट टीव्हीला जोडली. स्कॅन केल्यावर पाच चॅनेल आले, पाचही स्वच्छ. पण जिन्यात केबल ठेवता येत नाही. बाबा काठी टेकत चढतात-उतरतात, पाय अडकला तर काय या धास्तीने मीच ती रोज गुंडाळून ठेवते.

भिंतीतल्या पाइपातून डिशची एक केबल खाली येते. पाइप वळणावर चेपलाय, दुसरी केबल जात नाही. म्हणून वर साधा टू-वे स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारा जोड) उलटा लावून डिश आणि अँटेना एकत्र केले आणि खाली दुसऱ्या स्प्लिटरने बॉक्स आणि टीव्ही वेगळे केले. डिश लगेच बंद, 'सिग्नल नाही'. अँटेनाचेही दोनच चॅनेल उरले, तेही चौकटी पडत. स्प्लिटर काढले की डिश पूर्ववत. माझं कुठे चुकतंय?

जुना_कारागीर
ताई, आधी एक सांगतो. ते स्प्लिटर पुन्हा लावू नका. बॉक्स त्याच केबलमधून वर एलएनबीला, म्हणजे डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट डीसी (एकाच दिशेचा करंट) पाठवत असतो. स्प्लिटरमधून तो करंट अँटेनाकडेही गेला. बहुतेक अँटेनांच्या मागच्या डबीतला ट्रान्सफॉर्मर डीसीसाठी सरळ शॉर्टच असतो. बॉक्सला शॉर्ट दिसला, त्याने सप्लाय तोडला, डिश गेली. तोच करंट खालच्या स्प्लिटरमधून टीव्हीच्या अँटेना सॉकेटपर्यंतही पोचू शकतो. टीव्ही वाचला हे बरं झालं.

शिवाय बाजारातला साधा स्प्लिटर सहसा १००० मेगाहर्ट्झपर्यंतचा असतो, आणि डिशचा सिग्नल केबलमध्ये ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरतो. अँटेनाचं सगळं त्याच्या खाली, यूएचएफ ४७० पासून वर. म्हणजे एकाच केबलमध्ये दोघांना आपापली जागा आहे, भांडण नाही. फक्त त्यांना नीट एकत्र आणि नीट वेगळं करणारा डायप्लेक्सर हवा. दोन घ्या, एक वर, एक खाली. दोन्हींच्या 'सॅट' पोर्टमधून डीसी जातो का, हे घेतानाच बघा. वर 'सॅट'ला एलएनबी, दुसऱ्या पोर्टला अँटेना. खाली 'सॅट'ला बॉक्स, दुसऱ्याला टीव्ही. स्प्लिटर दर वेळी साडेतीन डेसिबलच्या आसपास सिग्नल खातो, दोन लावलेत म्हणजे सात. तुमचे तीन चॅनेल त्यातच गेले असणार. डायप्लेक्सर याहून बराच कमी खातो.

पण खरेदीआधी एलएनबीचं लेबल वाचा. हल्लीचे वाइडबँड एलएनबी २९० ते २३४० मेगाहर्ट्झ एवढी जागा व्यापतात. तो यूएचएफवर चढून बसतो, तिथे डायप्लेक्सर उपयोगाचा नाही.

उत्तरवारा
काकांचं बरोबर, पण एक भर. अँटेनाला खांबावर बसवायचा अँप्लिफायर लागला, तर त्याचा सप्लाय या वाटेने वर जाणार नाही, कारण डायप्लेक्सरचं अँटेनाकडचं पोर्ट सहसा डीसी अडवतं. ताईंना थेट केबलने पाच चॅनेल मिळालेत, म्हणजे तो बहुधा लागणार नाही. उगाच लावूही नका. टॉवर जवळ असेल तर अँप्लिफायरने ट्यूनर भरून जातो आणि असलेले चॅनेलही जातात.

आणि अँटेना ठेवाच. जोराच्या पावसात डिशचा सिग्नल पाण्यात विरतो, कारण ती फ्रिक्वेन्सी १०-१२ गिगाहर्ट्झची. यूएचएफला पाऊस जवळजवळ जाणवतच नाही. ऐन वादळात, बातम्यांची खरी गरज असते तेव्हा, आमच्याकडे तोच चालतो.

सायंतारा
लेबल वाचलं. ९५० ते २१५०, साधा युनिव्हर्सल. डायप्लेक्सर आणले, काकांनी सांगितलं तसे जोडले. डिश क्षणात आली. अँटेनाचं मात्र एकही चॅनेल नाही. दोन वेळा स्कॅन, शून्य.

तासभर वर-खाली केलं. शेवटी खालच्या डायप्लेक्सरपासून टीव्हीपर्यंतचा हातभर तुकडा काढला. तो मीच बनवला होता. एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाची पिळायची पिन) उलगडून खिडकीतल्या उजेडात धरला, तर केबलच्या बाहेरच्या धातूच्या जाळीचा एक केस, अगदी डोक्याच्या केसाइतका बारीक, वळून मधल्या तांब्याला टेकलेला. तेवढ्याने सगळं शॉर्ट. जाळी मागे वळवली, पांढरं इन्शुलेशन स्वच्छ कापलं, मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोनेक मिलिमीटर ठेवली. स्कॅन केलं, चार चॅनेल आले.

पाचवं अडखळत होतं, आणि नेमकं तेच बाबांचं. भाऊ खाली टीव्हीतला क्वालिटीचा आकडा मोठ्याने वाचत होता, मी वर अँटेना बोटभर, बोटभर फिरवत होते. ताकदीचा आकडा फारसा हलला नाही. पण पाण्याच्या टाकीपासून तोंड थोडं बाजूला घेतल्याबरोबर क्वालिटी चाळीसवरून ऐंशीच्या पुढे गेली. बहुतेक टाकीवर आपटून परतणारा सिग्नल त्रास देत होता. काल सातला बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. जिन्यातली केबल मी माळ्यावर टाकली.

काका, वरच्या जोडांचं काय करू? डायप्लेक्सर उघड्यावरच आहे.

जुना_कारागीर
आकडा ऐकत फिरवलंत, हेच बरोबर केलंत. ताकद नव्हे, क्वालिटीच बघायची.

डायप्लेक्सर छोट्या बंद डबीत, तोंडं खाली करून ठेवा. प्रत्येक कनेक्टरवर आपोआप चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे पदर कौलांसारखे पडतात आणि पाणी आत शिरत नाही. केबल डबीत जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, थेंब तिथूनच गळून जातील. आणि खांबाला अर्थिंगची तार जोडलेली नसेल, तर येत्या पावसाळ्याच्या आत जाणत्या वायरमनकडून जोडून घ्या.