मदत हवी आहे: मंडपातली थ्रीडी फिल्म पाच मिनिटांत डोकं दुखवते (दोन कॅमेरे, दोन प्रोजेक्टर, १२ फुटी पडदा)

रानवाट_खानापूर

मंडळी, बेळगावच्या एका गणेशोत्सव मंडळाला यंदा देखाव्याऐवजी ११ मिनिटांची थ्रीडी फिल्म दाखवायची आहे. राजहंसगड, हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर आणि गोकाकचा धबधबा असे तीन भाग आहेत. चाचणीत पाच मिनिटं झाली की लोक चष्मा काढून डोळे चोळतात. जुळणी अशी:

कॅमेरे: एकाच मॉडेलचे दोन एपीएस-सी (साधारण २३.५ मिमी रुंद सेन्सरचे) मिररलेस, एका पट्टीवर शेजारी-शेजारी, समांतर. भिंगांच्या मध्यातलं अंतर १३० मिमी. त्याहून कमी होत नाही, बॉडी बॉडीला टेकते. झूम भिंगं २४ मिमीवर, स्टॅबिलायझेशन चालू, सेकंदाला २५ फ्रेम. टाळी वाजवून दोन्ही चित्रं जुळवली.

एडिटिंग: फ्रेममधली सगळ्यांत जवळची वस्तू पडद्याच्या पातळीवर बसवली, पुढे काही येऊ दिलं नाही.

प्रोजेक्शन: भाड्याचे दोन थ्रीएलसीडी (लाल, हिरवा, निळा यांना वेगळी एलसीडी काच असलेले) प्रोजेक्टर. एकावर लिनिअर ध्रुवीकरण फिल्टर (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश सोडणारा) उभा, दुसऱ्यावर आडवा. कागदी लिनिअर चष्मे. पडदा पांढरा फ्लेक्स.

तक्रारी: हलशीत पुढचा खांब (२ मीटरवर) ठीक दिसतो, पण दारातून दिसणारा डोंगर दोन-दोन दिसतो. गोकाकचं पाणी डोळ्यात टोचतं. एका प्रोजेक्टरचं चित्र हिरवट तर दुसऱ्याचं गुलाबी. आणि चष्मा लावूनही भूत (दुसऱ्या डोळ्याच्या चित्राची फिकट सावली) दिसतंच. पुन्हा शूटिंगला दोन रविवार हातात आहेत. कुठून सुरुवात करू?

अर्धी_फ्रेम

पडद्यापासून करा. थ्रीडीत कॅमेऱ्याचं गणित पडद्याच्या रुंदीवरून सुटतं, आणि बहुतेक जण ते शूटिंग झाल्यावर करतात.

माणसाच्या दोन डोळ्यांत सरासरी ६५ मिमी अंतर असतं. दूरच्या डोंगराची डावी आणि उजवी प्रतिमा पडद्यावर ६५ मिमीपेक्षा लांब गेली, तर ती जोडायला डोळे बाहेरच्या बाजूला फाकवावे लागतात. ते डोळ्यांना जमत नाही, म्हणून डोकं धरतं. १२ फूट म्हणजे ३६६० मिमी. १९२० पिक्सेलच्या चित्रात ६५ मिमी म्हणजे ३४ पिक्सेल. ही तुमची लक्ष्मणरेषा.

आता तुमचं गणित. एपीएस-सी सेन्सर आणि २४ मिमी भिंग असताना, जवळच्या वस्तूपासून अनंतापर्यंत एकूण फरक पिक्सेलमध्ये काढायचा तर: भिंगांतलं अंतर × १९६० ÷ जवळच्या वस्तूचं अंतर, दोन्ही मिमीत. हलशीला १३० × १९६० ÷ २००० = १२७ पिक्सेल. तुम्ही खांब पडद्यावर बसवला, म्हणजे सगळे १२७ मागे गेले. पडद्यावर डोंगराच्या दोन प्रतिमांत २४ सेंमी! चष्मेवाल्याला शिव्या घालू नका, त्याची यात काही चूक नाही.

दोन्ही चित्रं आडवी सरकवून डोंगर ३४ पिक्सेलवर आणता येईल. पण मग खांब ९३ पिक्सेल पडद्याच्या पुढे येतो, आणि तो फ्रेमच्या डाव्या-उजव्या कडेला कापला जात असेल तर एका डोळ्याला दिसतो, दुसऱ्याला नाही. हा शॉट वाचत नाही. पुन्हा घ्या. अंतर ५० मिमी ठेवा: एकूण ४९ पिक्सेल, ३४ मागे, १५ पुढे. "जवळच्या वस्तूच्या तिसाव्या हिश्श्याइतकं अंतर" हा जुना नियम ६७ मिमी सांगतो. तो ढोबळ आहे, मागे अनंत असेल तर त्याच्याही आत राहा.

राजहंसगडावर जवळचा दगड ४ मीटरच्या पलीकडे असेल तर सध्याची पट्टी चालेल: ६४ पिक्सेल, ३४ मागे, ३० पुढे. फक्त कडेला काही कापू देऊ नका. हीच फिल्म उद्या २४ फुटी पडद्यावर दाखवायची ठरली तर मर्यादा १७ पिक्सेलवर येते, हे मंडळाला आजच सांगून ठेवा.

स्टॅबिलायझेशन आधी बंद करा. दोन्ही कॅमेरे आपापल्या मर्जीने चित्र वर-खाली हलवतात. उभा फरक २ पिक्सेलच्या वर गेला की डोळे कुरकुरतात. झूमच्या आकड्यावरही विसंबू नका, दोन भिंगांचा "२४" एकसारखा नसतो. झूम नसलेली, ठरावीक फोकल लेंग्थची भिंगं घ्या, नाहीतर झूम एका टोकाला टेकवून ठेवा. फोकस, व्हाइट बॅलन्स, आयएसओ सगळं हाताने.

रानवाट_खानापूर

डोंगराचं कोडं सुटलं. पण ५० मिमी आणायचं कसं? आणि गोकाकला तर जवळ काहीच नाही, तिथे पाणी का टोचतं?

अर्धी_फ्रेम

गोकाकला दोष वेळेचा आहे. टाळीने जुळवलं तरी कॅमेरे अर्ध्या फ्रेमपर्यंत पुढे-मागे राहतात. २५ फ्रेमला ते २० मिलिसेकंद. पाणी १० मीटर खाली आलं की वेग सेकंदाला १४ मीटरच्या आसपास, म्हणजे तेवढ्यात २८ सेंमी घसरलं. दोन डोळ्यांना दोन वेगळी पाणी दिसतात. १९५० च्या दशकात हॉलिवूडची थ्रीडी लाट ओसरली, तिलाही अशी सटकलेली जुळणी बऱ्यापैकी कारण होती. दोन प्रोजेक्टर, दोन रिळं. एक रीळ तुटून चार फ्रेम कापल्या की दुसऱ्यातल्याही त्याच चार कापाव्या लागत. तसं न करणाऱ्या थिएटरात लोकांची डोकी दुखत.

तुमच्या कॅमेऱ्यांना जेनलॉक (दोन कॅमेऱ्यांच्या फ्रेम एकाच ठोक्यावर बांधणारी सोय) नसणार. उपाय असा: ५० फ्रेमवर शूट करा, म्हणजे चूक फार तर १० मिलिसेकंद. मग फेज (दोघांच्या फ्रेम किती पुढे-मागे पडतात ते) तपासा. छताच्या पंख्याच्या एका पात्याला खडूची रेघ मारा, शटर १/१००० ठेवून दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपा. पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर ५ मिलिसेकंद म्हणजे ९ अंश. रेघेत त्याहून जास्त फरक दिसला तर एक कॅमेरा बंद करून चालू करा आणि पुन्हा टिपा. दोन-तीन प्रयत्नांत जमतं. जमल्यावर कॅमेरे बंद करायचे नाहीत. घड्याळं हळूहळू सरकतात, म्हणून वीसेक मिनिटांनी परत तपासणी. धबधब्यापाशी पंखा नसतो हे मान्य. ड्रिल मशीनला पांढरी रेघ मारलेली चकती लावून न्या, फक्त तिच्या फेऱ्यांवरून अंश नव्याने काढा.

एक गंमत: १०० मीटरवरून १३० मिमीने धबधबा सपाट दिसतो, एकूण फरक अडीच पिक्सेल. इथे उलट अंतर वाढवा, ५० ते ६० सेंमी. एक मीटर केलं तर खोली भरपूर मिळते, पण झुलत्या पुलावरची माणसं खेळण्यातली वाटतात. आणि जवळचं रेलिंग फ्रेममध्ये चुकूनही नको.

लेथ_आणि_भिंग

५० मिमीसाठी आरशाचा रिग. एक कॅमेरा समोर, दुसरा खालून वर बघणारा, मध्ये ४५ अंशांत ५०-५० बीमस्प्लिटर काच (अर्धा प्रकाश आरपार सोडणारी, अर्धा परतवणारी). बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनिंगवाल्याकडून १० मिमी ॲल्युमिनियम प्लेटचा सांगाडा करून घ्या, खालच्या कॅमेऱ्याला आडवी सरकणारी मिमीच्या खुणांची पट्टी. काच पुढच्या पृष्ठावर लेप असलेलीच हवी. दुकानातली एकतर्फी आरशाची जाड काच दोन प्रतिबिंबं देते. पेटीला आतून काळी मखमल. प्रत्येक कॅमेऱ्याचा एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश जातो, तो गाभाऱ्याजवळ जाणवेल.

लोक हमखास चुकतात ती जागा: खालच्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चित्र सरळ, पण डावं-उजवं उलट दिसलं पाहिजे. डोकं खाली पाय वर दिसलं तर कॅमेरा भिंगाच्या अक्षाभोवती १८० अंश फिरवा. नाहीतर रोलिंग शटर (सेन्सर ओळीओळीने वाचण्याची पद्धत) एका कॅमेऱ्यात वरून खाली आणि दुसऱ्यात खालून वर वाचतं, आणि पॅन केला की खांब दोन दिशांना कलतात. एडिटिंगमध्ये ते दुरुस्त होत नाही.

हा रिग गोकाकला नेऊ नका. काच प्रकाशाचं ध्रुवीकरण करते, त्यामुळे ओल्या खडकाची चमक एका डोळ्यात दिसते, दुसऱ्यात नाही. काचेपुढे क्वार्टर-वेव्ह फिल्म (ध्रुवीकरणाची दिशा मिसळून टाकणारी पारदर्शक पट्टी) लावून ते आटोक्यात येतं, पण तिथे साधी पट्टीच पुरते.

हलशीत माणसं नसतील तर एवढा खटाटोप कशाला ओ? एक कॅमेरा, स्लायडर, एक फोटो, ५० मिमी सरकवून दुसरा. स्टीरिओ फोटो मेकरमध्ये जुळवा. ते फुकट आहे. मधल्या दहा सेकंदांत ढग, सावली, फांदी हलली तर तेवढी जोडी टाकून द्या. मूर्तींच्या जवळच्या शॉटला कॅननचं ७.८ मिमीचं दुहेरी भिंग भाड्याने मिळालं तर उत्तम. त्यातलं अंतर ११.८ मिमी, म्हणजे ३५-४० सेंमीवरून नक्षी छान उठते, आणि दोन्ही चित्रं एकाच सेन्सरवर पडत असल्याने वेळेची भानगडच नाही.

अर्धी_फ्रेम

स्लायडरला +१. ११ मिनिटांच्या फिल्मसाठी रिग म्हणजे डास मारायला तोफ.

चंदेरी_पडदा

आता प्रोजेक्शन. थ्रीएलसीडीत हिरव्या रंगाचा प्रकाश एका दिशेत आणि लाल-निळा त्याच्या काटकोनात ध्रुवीकृत असतो. म्हणून उभ्या फिल्टरमधून एक गट सुटतो, आडव्यातून दुसरा. फिल्टर ४५ आणि १३५ अंशांवर फिरवा, रंग सारखे होतील. लिनिअर चष्मेही साधारण याच कोनांचे असतात, एकदा पडताळून घ्या. डीएलपी (एलसीडीऐवजी बारीक आरशांचे) प्रोजेक्टर मिळाले तर हा प्रश्नच येत नाही. फिल्टर भिंगाला चिकटवू नका. १०-१५ सेंमी पुढे ठेवून छोटा पंखा लावा, प्लास्टिक तापून वाकतं.

भूत फ्लेक्समुळे आहे. पांढरं पृष्ठ ध्रुवीकरण मोडतं, दोन्ही डोळ्यांत दोन्ही चित्रं शिरतात. चंदेरी पडदा हवा. ८×४ च्या तीन प्लाय उभ्या लावल्या की बरोबर १२ फूट रुंदी होते. चित्राची उंची पावणेसात फूट, उरतं ते काळं करा. सांध्यांना पुट्टी, घासकाम, दोन्ही बाजूंनी प्रायमर (भाद्रपदातल्या पावसात एकाच बाजूने प्रायमर लावलेला प्लाय वाकतो), मग स्प्रे गनने ॲल्युमिनियम पेंटचे तीन पातळ हात. रोलर नको, पट्टे उमटतात. वरून वॉर्निश अजिबात नको.

तपासणी: एकच प्रोजेक्टर चालू करा, चष्म्याची दुसऱ्या प्रोजेक्टरसाठीची काच एका डोळ्यासमोर धरा. चित्र जवळजवळ काळं झालं पाहिजे. मग डावा-उजवा अदलाबदल झालेला नाही ना ते बघा. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

रानवाट_खानापूर

चंदेरी पडद्यावर मधे उजेड जास्त आणि कडेला अंधार दिसेल ना? बाकं तर कोपऱ्यापर्यंत आहेत.

चंदेरी_पडदा

दिसणार. कोपऱ्यातली बाकं काढा, मधल्या १२ फुटांतच लोक बसवा. पहिली ओळ पडद्यापासून निदान १२ फुटांवर. आणि मान तिरकी करून बघू नका असं आधी सांगा. लिनिअर चष्म्यात मान कलली की भूत परत येतं.