पाडलेल्या वाड्याचं चित्र करायचंय : मोजमाप, प्रकाश आणि तैलरंग वाळण्याबद्दल मदत हवी

पेठेतला_चितारी
सदाशिव पेठेतल्या एका दुमजली वाड्याचं चित्र करण्याचं काम घेतलंय. वाडा पाडून तिथे आता इमारत उभी आहे. काम देणारी तीन भावंडं आहेत. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला त्यांना हे चित्र द्यायचंय. हातात अडीच महिने आहेत आणि तेही पावसाळ्यातले. कॅनव्हास २४ × ३६ इंच, तैलरंगच हवेत.

फोटो तीनच. एक कृष्णधवल, दिंडी दरवाजासमोर लग्नातला ग्रुप, कडेला जोत्याला टेकवलेली सायकल. दुसरा ऐंशीच्या दशकातला रंगीत, पण पार तांबूस पडलेला. तिसरा पाडकाम चालू असताना मोबाइलवर घेतलेला. बोळ जेमतेम १२ फुटी, त्यामुळे पूर्ण दर्शनी भाग एकाही फोटोत नाही. दर्शनी बाजू उत्तरेला. दरवाजाच्या रंगावर भावंडांचं एकमत होत नाही. सुरुवात कुठून करू?

तिरपी_रेघ
पाडकामाच्या फोटोपासून करा. तो बघवत नाही म्हणून लोक बाजूला ठेवतात, पण सगळ्यात जास्त माहिती त्यातच असते. अर्धवट तुटलेल्या भिंतीत तिची जाडी दिसते, तुळयांची पातळी दिसते, वरचा मजला खालच्यापेक्षा किती बुटका होता ते कळतं. अशा भिंती सहज दीड-दोन फूट जाड असतात. ती जाडी चित्रात आली नाही तर खिडक्या कागदावरून कापून चिकटवल्यासारख्या दिसतात.

मापासाठी सायकल हाताशी आहेच. जुन्या साध्या सायकलचं चाक २८ इंची, म्हणजे टायरसकट साधारण ७१ सेंमी. मात्र चाकाची उभी उंचीच धरा, तिरप्या कोनातून रुंदी आक्रसते. ग्रुपमधल्या माणसांवरून दरवाजा मोजू नका. ती दरवाजाच्या चार-पाच फूट पुढे उभी असतात, त्यामुळे मोठी दिसतात आणि दरवाजा हिशोबात बुटका येतो. छपरावर मंगलोरी कौलं असतील तर एका ओळीचा उघडा भाग साधारण १२ ते १३ इंच धरून ओळी मोजा, उताराची लांबी मिळते. खांबांमधला खण अशा वाड्यांत बहुधा ५ ते ६ फुटांचा असतो. तीन वेगवेगळ्या खुणांवरून काढलेली मापं एकमेकांशी जुळली की मगच पुढे जा.

जागेची रुंदी अंदाजाने ठरवू नका. भावंडांकडे मालमत्ता पत्रक असेल, नगर भूमापनाच्या नकाशाचा उतारा त्यांना मिळू शकतो. पुनर्विकास करणाऱ्या वास्तुविशारदाकडे जुन्या बांधकामाची मोजणी बऱ्याचदा असते, तीही मागायला सांगा.

आता कुठून बघायचं ते. १२ फुटी बोळात उभं राहून २४ फूट उंच घर बघितलं की मान वर करावी लागते आणि उभ्या रेषा वर एकत्र येतात. मोबाइलच्या फोटोत हेच झालेलं असणार. समोरचं घर नाही असं समजा आणि नजर ५० ते ६० फूट मागे न्या, म्हणजे घराच्या उंचीच्या दुप्पट ते अडीचपट. क्षितिजरेषा जमिनीपासून ५ फुटांवर ठेवा, उभ्या रेषा उभ्याच राहू द्या. हे स्वातंत्र्य घ्यायलाच हवं, नाहीतर घर अंगावर कोसळतंय असं वाटतं.

गेरू_आणि_नीळ
दरवाजाच्या रंगावर एकमत होत नाही, कारण तिघं वेगवेगळ्या सालांतला दरवाजा सांगताहेत. तैलरंगाचे हात दर काही वर्षांनी बदलायचे. आधी साल ठरवा. ‘घर कसं दिसायचं?’ असं विचारू नका. ‘दिंडीतून आत यायला किती पायऱ्या?’, ‘कडी कुठल्या हाताला?’, ‘पाऊस आला की पागोळ्या कुठे पडायच्या?’ असं विचारा, आणि तिघांना वेगवेगळं बसवून. शरीराला जे आठवतं ते बहुधा पक्कं असतं. घर नदीकाठच्या पेठेत असतं तर १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराआधीचं की नंतरचं, हेही विचारायला सांगितलं असतं. पुरानंतर तिथल्या बऱ्याच घरांचा तळमजला बदलला.

रंगासाठी रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड घेऊन जा. ‘हिरवा’ या शब्दात वीस छटा मावतात, कार्डावर बोट ठेवलं की एकच उरते. तांबूस फोटोवर भरवसा नको. त्या काळच्या प्रिंटमधला निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी उडतो, म्हणून हिरवा दरवाजा त्यात मातकट दिसतो.

भिंत चुन्याच्या सफेदीची असेल तर ट्यूबमधला पांढरा तसाच लावू नका. सफेदीत नीळ घालायचे, त्यामुळे सावलीतली भिंत थंड दिसते. टिटॅनियम व्हाइटमध्ये अल्ट्रामरिनचा कण आणि किंचित रॉ अंबर. जुन्या सागाला बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरिन, हात लागून गुळगुळीत झालेल्या जागी थोडा बर्न्ट सिएना. कौलं एका रंगात भरू नका, बदललेलं कौल नेहमी जास्त लाल असतं.

लाकूडकाम विश्रामबागवाड्यात जाऊन जवळून बघा, सुरूदार (सुरूच्या झाडासारखा घडवलेल्या) खांबावर उजेड कसा वळतो ते तिथे समजतं. पण ती पेशवाई नक्षी या वाड्याला चिकटवू नका. साध्या घराचा साधेपणाच त्या आईंना ओळखीचा असणार.

पेठेतला_चितारी
खूप उपयोग झाला. त्यांना दर्शनी भागावर ऊन हवंय. उत्तराभिमुख भिंतीवर ते दाखवू का?

तिरपी_रेघ
दाखवा, पण ऋतू आणि वेळ पकडून. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरात उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन येतच नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, पण इतका डोक्यावर, की वळचणीची सावली सगळी भिंत झाकते. म्हणून मे महिन्यातली सकाळी आठची वेळ घ्या. ऊन ईशान्य-पूर्वेकडून भिंतीला घासून येतं, खांबांच्या सावल्या लांब आडव्या पडतात आणि गिलाव्याचे उंचवटे उठून दिसतात. सावल्यांची दिशा सगळीकडे एकच ठेवा. फोटो वेगवेगळ्या वेळचे असल्यामुळे इथेच घोटाळा होतो.

जवसाचं_तेल
वेळेबद्दल. जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तराचा थर) दिलेल्या कॅनव्हासवर पहिली रंगछटा ॲक्रिलिकमध्ये पातळ घाला, ती त्याच दिवशी वाळते. वर तैलरंग अल्कीड माध्यमात (तैलरंग लवकर वाळवणारं माध्यम), म्हणजे पातळ थर एक-दोन दिवसांत हाताला वाळतो, दमट हवेत थोडा जास्त वेळ धरा. उलट क्रम कधीच नको, तैलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, सुटून येतं. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर तडे जातात. शेवटचे जाड हात कार्यक्रमाच्या किमान तीन आठवडे आधी संपवा. अखेरचं वार्निश सहा महिन्यांनी लावू असं आत्ताच सांगून ठेवा. तोवर हाताला वाळल्यावर रिटच वार्निशचा (तात्पुरतं, हलकं वार्निश) पातळ हात पुरेसा. ओल्या तैलरंगावर काच लावू देऊ नका. फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून कॅनव्हास सुटा राहील.

व्यवहाराचंही बघा. पेन्सिलचं रेखाटन आणि ८ × १२ इंचांचा रंगीत कच्चा नमुना, दोन्हींवर तिघांचा लेखी होकार घ्या, मेसेजवर चालेल. नमुना मंजूर झाल्यावर खिडकी हलवायची तर जादा पैसे, हे आधीच लिहा. ४० टक्के आगाऊ, ३० नमुन्याला, ३० चित्र देताना. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याचा होतो. तुम्हाला त्याच्या प्रती काढायच्या किंवा छापायचं असेल तर आगाऊ रक्कम घेतानाच तसं लिहून घ्या.