ग्राइंडर नको, पटाशी न्या
खानापूरच्या सुतारदादांनी विचारलंय, कॅनडाला जाताना ड्रिल, ग्राइंडर न्यावेत का? दादा, नका नेऊ. आपली वीज २३० व्होल्ट, तिकडच्या साध्या प्लगला १२०. आपला ग्राइंडर तिथे नुसता घुरघुरेल, कापणार काही नाही. ट्रान्सफॉर्मर घ्यावा, तर तो ग्राइंडरपेक्षा जड.

हाताची हत्यारं मात्र जरूर न्या. मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, करतो. वडिलांची पटाशी, म्हणजे लाकूड तासायची छिन्नी, अजून वापरतो, मुठीला त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलाय. असली वस्तू तिकडे विकत कुठली मिळायला? धारेला जाड कापड गुंडाळून चेक-इन सामानात ठेवा.

बॅटरीवरचं कॉर्डलेस हत्यार नेलंच, तर त्याच्या सुट्या बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेत. १०० वॉट-अवरच्या वर असेल तर एअरलाइनची परवानगी लागते. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की वॉट-अवर निघतात; १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० भरते. आणि फूट-इंचाचा टेप घ्या, तिकडे घरबांधणीचं सुतारकाम त्यातच चालतं.