जुने वाडे जपणाऱ्यांचा गौरव कोणत्या निकषांवर करावा?

शनिवारकर (प्रश्न)

पुण्याच्या जुन्या पेठांमधील वाडे आणि चाळी टिकवून धरणाऱ्यांचा दर वर्षी जाहीर सत्कार करावा, असे आमच्या परिसरातील काही रहिवाशांनी ठरवले आहे. थोर व्यक्तींच्या निवासस्थानांवर शहरात निळे फलक लावलेले आहेत. त्यांवरून तिथे कोण राहून गेले ते समजते, मात्र पुढच्या पिढ्यांत ते घर कोणी उभे ठेवले याचा त्यांत उल्लेख नसतो. अडचण निवडीची आहे. नव्याने रंगवलेला वाडा लगेच नजरेत भरतो. ज्या घरात पावसाळ्यापूर्वी न चुकता कौले शाकारली जातात, तिथे मात्र दाखवण्यासारखे फारसे काही नसते. मग परीक्षकांनी पाहावे काय?

चुनागच्ची

वारसा संवर्धनासाठी युनेस्को आशिया-पॅसिफिक प्रदेशात २००० पासून पुरस्कार देते. इमारत पन्नास वर्षांहून जुनी असावी आणि काम पूर्ण झाल्यावर किमान वर्षभर ती वापरात असावी, अशा त्याच्या अटी आहेत. यांतील दुसरी अट तुम्ही जरूर घ्या, कारण उद्घाटनाच्या दिवशी सगळ्याच भिंती सुंदर दिसतात. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ मध्ये यातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला; त्यामागे महापालिका, वारसा जतनासाठी काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान अशी तिघांची भागीदारी होती. एकट्या घरमालकाकडे असे बळ नसते, त्यामुळे त्याला त्याच मापाने मोजू नये.

परीक्षकांनी वाडा जुलैत, भर पावसात पाहावा. जुन्या विटांच्या भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडू शकते; त्यावर सिमेंट थापले की ती आतच कोंडते आणि भिंतीत बसवलेल्या तुळयांची टोके कुजू लागतात. पैसे खर्चून, मनापासून केलेली अशी दुरुस्ती वाड्याचे आयुष्य घटवते, आणि दुर्दैवाने सत्कारही बहुधा तिचाच होतो. चुना मळणारा गवंडी आणि सागवानाचा सांधा जुळवणारा सुतार यांची नावे मानपत्रात मालकाच्या बरोबरीने यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

माजघर

मी अशाच एका वाड्यात राहतो, म्हणून थोडे कडवट लिहितो. सातबारा असो वा मिळकतपत्रिका, हिस्सेदारांची नावे वाढत जातात. भाडेकरूंचे भाडे जुन्याच काळातले राहते आणि छपराच्या एका दुरुस्तीत ते कितीतरी वर्षांचे वाहून जाते. शाल-श्रीफळ आमच्या कपाटात आधीच पुष्कळ आहेत. शिवाय जाहीर गौरव झाला की वाडा वारसा यादीत जाईल आणि पुढे पुनर्विकासाची वाट बंद होईल, ही भीती अनेक मालकांना असते. ती अगदीच निराधार नाही, त्यामुळे नाव जाहीर करण्यापूर्वी सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. ज्या ठिकाणी मालक परगावी आणि डागडुजी भाडेकरू करतात, तिथे मान भाडेकरूंचा आहे. रकमेऐवजी एका वर्षाच्या छपराच्या देखभालीचा खर्च उचललात, तर त्याचा खरा उपयोग होईल.

ओसरी (पणजी)

आमच्याकडे गोवा हेरिटेज अॅक्शन ग्रुपने पणजीतील फोंतेन्यास भागात कला महोत्सव भरवला, तेव्हा तिथल्या राहत्या घरांतच चित्रे मांडली गेली. लोक चित्रे पाहायला आले आणि घरेही पाहून गेले. सभागृहातल्या समारंभापेक्षा वाड्याच्या चौकातच कार्यक्रम ठेवा. फक्त गर्दीवर मर्यादा हवी, कारण जुन्या माडीला एका वेळी शंभर माणसांचा भार सोसत नाही.

शनिवारकर

आभारी आहे. पाहणी जुलैत ठेवू, संमतिपत्राचा मसुदा आधी करून घेऊ आणि छपराच्या खर्चाचा प्रस्ताव पुढील बैठकीत मांडू. चुन्याचे काम जाणणारे गवंडी कोणाच्या माहितीत असतील, तर त्यांना विचारून मला व्यक्तिगत निरोपात कळवावे.